मेश वायफाय लावूनही घरातल्या घरात फाईल हळू जाते: दोष कुठे आणि कसा शोधायचा

मेश (एकमेकांशी जोडलेली दोन-तीन वायफाय युनिटं) बसवलं, प्रत्येक खोलीत वायफायच्या कांड्या भरलेल्या दिसतात, मोबाईलवर व्हिडिओ अडखळत नाही. पण समोरच्या खोलीतून मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लग्नाचं शूटिंग पाठवायला घेतलं की ६४ जीबीच्या कार्डाला तीन तास लागतात. कधी हे उन्हाळ्यात सुरू होतं, कधी लाईन जाऊन आल्यावर. मधे काही दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे. गावातला फोटो स्टुडिओ असो, सेतू केंद्र असो की कृषी केंद्रातलं सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, तक्रार सारखीच असते.

इंटरनेटचा प्लॅन वाढवून हे सुटत नाही. घरातल्या एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाणारी फाईल फायबरच्या तारेत शिरतच नाही, ती घरातच फिरते. त्यामुळे स्पीड टेस्टमध्ये १०० दिसले काय आणि ३०० दिसले काय, या कामाशी त्याचा संबंध नाही. अपवाद एकच: फाईल गूगल ड्राईव्हने किंवा व्हॉट्सअॅपने पाठवत असाल तर ती बाहेर जाऊन परत येते. तेव्हा प्लॅनचा अपलोड स्पीड आडवा येतो आणि पुढचं सगळं त्याला लागू नाही.

खरा प्रश्न हा असतो की फाईल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळा हवेतून उडी मारते. ते मोजता आलं की बहुतेक घरांतला घोळ उलगडतो. उरलेला दोष तार, पोर्ट, डिस्क किंवा लाईटमध्ये सापडतो.

आधी एकक नीट धरा

राउटरच्या खोक्यावर आणि वायफायच्या सेटिंगमध्ये जो आकडा असतो तो मेगाबिटचा, म्हणजे एमबीपीएस. विंडोज फाईल कॉपी करताना दाखवतं तो मेगाबाइटचा, म्हणजे एमबी प्रति सेकंद. पहिल्याला ८ ने भागलं की दुसरा मिळतो. त्यातही वायफायचा लिंक स्पीड हा कागदावरचा आकडा आहे. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा किंवा थोडा जास्त पदरात पडतो. ८६६ लिंक स्पीड दाखवणारा लॅपटॉप राउटरजवळ बसून ४५ ते ६५ एमबी प्रति सेकंद देत असेल तर तो उत्तम चालला आहे. त्याच्याकडून १०८ ची अपेक्षा करू नका.

६४ जीबी डेटाला ६ एमबीच्या वेगाने तीन तास लागतात, ११ ने दीड तासाच्या थोडं वर, ५० ने वीस-एकवीस मिनिटं, आणि चांगल्या गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) तारेवरून ११० ने दहा मिनिटांच्या आत काम होतं. आपण यातल्या कुठल्या पायरीवर अडकलो आहोत ते आधी पाहायचं.

चाचणी एकेक कडी धरून करा

एकच मोठी फाईल घ्या, ४ जीबीच्या आसपासचा एखादा व्हिडिओ. हजार फोटोंचं फोल्डर चाचणीला घेऊ नका. ज्या मशीनवर फाईल उतरणार तिथे ती आतल्या एसएसडीवर उतरवा, पेन ड्राईव्हवर नको.

१. दोन्ही मशीन तारेने जोडा. मेशच्या मुख्य युनिटला बहुधा दोनच पोर्ट असतात आणि एक ओएनटीने (फायबर येऊन जोडलं जातं त्या डब्याने) अडवलेला असतो, म्हणून मोकळ्या पोर्टला पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा) लावून दोन्ही मशीन त्यात घाला. १०५ ते ११३ एमबी मिळायला हवेत. दोन्हीकडे जुनी हार्ड डिस्क असेल तर ८० लाही समाधान माना.

२. पाठवणाऱ्याची तार काढा आणि त्याला मुख्य युनिटपासून दोन मीटरवर वायफायने जोडा. समोरचं मशीन तारेवरच राहू द्या.

३. तोच लॅपटॉप आता मागच्या युनिटजवळ दोन मीटरवर न्या. तो खरंच त्या युनिटला जोडला गेला आहे हे मेशच्या अॅपमध्ये पाहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत बदललं ते एवढंच की आता दोन युनिटमधला दुवा मधे आला.

४. शेवटी प्रत्येक यंत्र रोजच्या जागी ठेवून पाहा.

ज्या पायरीवर आकडा कोसळला, दोष त्याच पायरीत आहे. डिस्कबद्दल शंका असेल तर आयपर्फ ३ हा मोफत प्रोग्राम दोन्हीकडे चालवा. तो डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतो. आयपर्फमध्ये ४०० एमबीपीएस आणि कॉपी करताना ८ एमबी येत असतील तर वायफायच्या मागे लागू नका, डिस्क किंवा अँटिव्हायरस पाहा.

आकडाच दोष सांगतो

कॉपी ११ च्या आसपास येऊन दगडासारखी स्थिर राहिली, ना वर ना खाली, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची तार किंवा पोर्ट आहे. हवेतला दोष कधीच इतका स्थिर नसतो. काही स्वस्त मेश युनिटना १०/१०० चेच पोर्ट असतात, खोक्यावर एसी१२०० लिहिलेलं असलं तरी. काही ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. सीसीटीव्हीवाल्याने उरलेला स्विच लावून दिला असेल तर तोही तपासा.

३० ते ४० वर थांबली तर बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी २.० च्या पोर्टात आहे. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट बहुधा तेच असतात, मागच्या निळ्या पोर्टात घाला.

सुरुवातीला भरभर जाऊन एक-दोन जीबीनंतर ५-१० वर आपटली तर घेणारा पेन ड्राईव्ह किंवा मेमरी कार्ड लिहिण्यात दमलं आहे. पहिला वेग कॅशचा, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचा होता, दुसरा खरा.

४-५ च्या घरात घुटमळत असेल तर मशीन २.४ गिगाहर्ट्झवर आहे. वायफायचे मुख्य पट्टे (बँड) दोन: २.४ हा संथ, ५ गिगाहर्ट्झ हा वेगवान. नखाएवढा यूएसबी वायफाय डोंगल जुन्या डेस्कटॉपच्या मागे लावलेला असतो. त्याला एकच अँटेना, एकच बँड आणि तोही लोखंडी कॅबिनेटच्या आड. मेश कितीही भारी असलं तरी तो डोंगल याच्या वर जाणार नाही. त्याऐवजी ड्युअल बँडचा (दोन्ही पट्ट्यांवर चालणारा) यूएसबी ३.० डोंगल घ्या आणि मीटरभराच्या एक्स्टेन्शनवर टेबलाच्या वर आणून ठेवा. एक्स्टेन्शन आणखी एका कारणाने लागतं: यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चालू असताना २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सोडते, शेजारी डोंगल असेल तर त्याला ऐकू येईनासं होतं.

आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत शून्याला टेकत असेल तर मात्र हवेतलाच दोष. आता त्याकडे येऊ.

उड्या मोजा

विदर्भातल्या गावातलं नेहमीचं घर घ्या. रस्त्याकडे दुकान किंवा स्टुडिओ, मधे जुनं मातीचं धाब्याचं घर, मागे अंगण आणि त्यापलीकडे नवी स्लॅबची खोली. फायबर रस्त्याकडून येतं म्हणून ओएनटी आणि मुख्य युनिट दुकानात, दुसरं युनिट मधल्या घरात, तिसरं मागे.

दुकानातला लॅपटॉप मुख्य युनिटला फाईल देतो, ही पहिली उडी. मुख्य युनिट मधल्या युनिटला देतं, दुसरी. मधलं मागच्याला, तिसरी. मागचं युनिट एडिटिंगच्या मशीनला, चौथी. ड्युअल बँड मेशमध्ये या चारही उड्या ५ गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनलवर होतात, आणि एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. एका उडीला ४५० एमबीपीएस मिळत असतील तर चार उड्यांत ते एकशे बाराच्या आसपास उरतात, म्हणजे १४ एमबी. तेही प्रत्येक उडी चांगली असली तर. एखादी उडी भिंतीमुळे अशक्त झाली की सगळी वाट तिच्या चालीने चालते.

यंत्र न बदलता उडी कशी कमी करायची? मागचं मशीन मागच्या युनिटला दीड मीटरच्या तारेने जोडा, एक उडी गेली. लॅपटॉप दुकानातल्या युनिटला तारेने लावा, दुसरी गेली. चारच्या दोन झाल्या आणि वेग जवळपास दुप्पट झाला, खर्च दोन पॅच कॉर्डचा. मेश म्हणजे सगळं बिनतारी असलं पाहिजे, हा समज बहुतेक घरांत महाग पडतो. जे मशीन जागचं हलत नाही त्याला तारच लावावी.

ट्राय-बँड मेशमध्ये युनिटांच्या आपसातल्या बोलण्याला बहुधा वेगळा रेडिओ असतो, तिथे मार कमी बसतो. पण दीड फुटाची मातीची भिंत त्यालाही ओलांडावी लागतेच.

एकच संथ यंत्र सगळ्यांना कसं अडवतं तेही पाहा. गोठ्यावर लावलेला वायफाय कॅमेरा तिथून कसाबसा सिग्नल धरतो आणि सर्वांत खालच्या वेगाने बोलतो. त्याचं बोलणं संपेपर्यंत त्या चॅनलवरचे बाकीचे थांबतात. पांदणीत पुढे बैलबंडी असली की मागच्या ट्रॅक्टरलाही तिच्याच चालीने जावं लागतं, तसं. फाईल जाईना तेव्हा कॅमेरे पाच मिनिटं बंद करून पुन्हा मोजा. फरक पडला तर कॅमेऱ्याला तार टाका किंवा त्यांना फक्त २.४ वर ठेवा आणि मोठी मशीन ५ वर.

घर, कूलर आणि पोती

५ गिगाहर्ट्झ लांब जात नाही आणि जाड वस्तूला मानत नाही. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंतीतून ते फार अशक्त होऊन निघतं. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा आणखी. दोन युनिट तिरपी बसवली असतील तर सिग्नल भिंतीतूनही तिरपा जातो आणि दोन फुटांची भिंत त्याला जवळपास तीन फुटांची पडते. जुन्या घरांत दारं बहुधा एका ओळीत असतात. युनिट त्या ओळीत, छातीच्या उंचीवर, दारांतून एकमेकांना दिसतील असं ठेवा. एवढ्या एका बदलाने कित्येक घरांत वेग दुपटीवर जातो.

उन्हाळ्यात दरवर्षी येणाऱ्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा कूलर असतं. मधल्या घराची जी खिडकी अंगणाकडे उघडते तिच्यातूनच सिग्नल मागच्या खोलीत जात असतो. होळीनंतर त्या खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो. चारी बाजूंनी लोखंड, तळाला पाण्याची टाकी, तिन्ही अंगांना ओलं गवत. लोखंड सिग्नल परतवतं, पाणी शोषून घेतं. मोटारीचा यात दोष नाही, कूलर बंद ठेवला तरी अडथळा तसाच राहतो, म्हणून चालू-बंद करून पाहणाऱ्याला काही कळत नाही. युनिट दुसऱ्या खिडकीच्या रेषेत न्या, किंवा मागच्या खोलीतलं युनिट दाराच्या रेषेत आणा.

हंगामात पोती हेच काम करतात. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, मग तूर. थप्पी छताला टेकली की दाण्यातल्या ओलाव्यात ५ गिगाहर्ट्झ जिरतं. धान्याची पत्र्याची कोठी आणि लोखंडी कपाट तर भिंतीहून वाईट. युनिट कपाटावर मागे ढकलून ठेवायची सवय मोडा.

टिनाच्या छताखाली उंचावर ठेवलेल्या युनिटला आणखी एक त्रास. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. चिप तापली की वेग घसरतो किंवा युनिट आपणहून रीस्टार्ट होतं. दुपारी मंद आणि रात्री बरं, असा प्रकार असेल तर युनिट चार-पाच फूट खाली, आतल्या भिंतीला आणा. त्यावर कापड झाकू नका, धुळीसाठीसुद्धा.

जागा ठरवताना अॅपमधल्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. मोबाईलवर वायफाय अॅनालायझर घ्या, नवं युनिट जिथे ठेवायचं तिथे उभे राहून त्याला सिग्नल देणाऱ्या आधीच्या युनिटचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वाचा. तो उणे ५५ ते उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या जोराचं एकक) दरम्यान हवा. उणे ७२ च्या खाली गेला तर ती जागा वाईट. जिथे सिग्नल मरतो तिथे युनिट ठेवायची चूक सर्रास होते. तिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, मग ते २.४ वरून दुवा धरतं आणि अॅपमध्ये मात्र ‘कनेक्टेड’ दिसत राहतं.

ओएनटीचं स्वतःचं वायफाय

फायबरवाल्याने दिलेल्या डब्यातही वायफाय असतं आणि मेश लावल्यावर ते बंद करायचं राहून जातं. मग एक मशीन ओएनटीच्या वायफायवर, दुसरं मेशवर. दोन्हींचे आयपी पत्ते पाहा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.६८ ने सुरू होत असेल, तर ती दोन वेगळी नेटवर्क आहेत. शेअर केलेलं फोल्डर कधी दिसतं, कधी नाही, आणि दिसलं तरी फाईल राउटरच्या कमजोर प्रोसेसरमधून वळसा घालते. ओएनटीचं वायफाय बंद करा, किंवा मेशला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका म्हणजे पत्ते एकच डबा वाटेल. दुसरा उपाय केला तरी ओएनटीचं वायफाय बंदच ठेवा, एका खोलीत दोन रेडिओ एकमेकांवर ओरडायला नकोत.

लॅपटॉप जुन्या युनिटला चिकटून राहतो, हाही रोजचाच प्रकार. दुकानातून उचलून मागे आणला तरी तो दुकानातल्या युनिटचा क्षीण सिग्नल सोडत नाही. वायफाय बंद करून पुन्हा चालू केला की जवळचं युनिट धरतो. कायमचा इलाज डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये आहे: रोमिंग अॅग्रेसिव्हनेस एक पायरी वाढवा आणि प्रेफर्ड बँड ५ गिगाहर्ट्झ करा. हे पर्याय इंटेलच्या अडॅप्टरमध्ये मिळतात.

तार टाकायची तर

रोज मोठ्या फाईली हलवायच्या असतील तर युनिटांमधे तार टाकणं हाच पक्का उपाय. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल, पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार सर्रास कॅट ६ म्हणून विकली जाते. वायरचं टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरी चकाकी दिसली तर परत करा. ती क्रिंप करताना (प्लग दाबून बसवताना) तुटते आणि ओलीत गंजते.

प्लग उजेडात धरून पाहा. आठही तारा टोकापर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत. क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, म्हणून घाईत चारच बसवल्या तरी नेट चालतं आणि कोणाला शंका येत नाही. गिगाबिटला मात्र आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात, आणि पुन्हा ते स्थिर ११ दिसायला लागतात. तार टाकल्यावर अॅपमध्ये त्या युनिटचा दुवा इथरनेट दिसतो का तेही पाहा.

अंगणावरून टाकायची तर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी बाहेरची केबल घ्या आणि पाइपमधून न्या. उघडी केबल माकडं ओढतात, जमिनीलगतची उंदीर कुरतडतात.

मागची खोली वेगळ्या इमारतीत असेल, किंवा शेतातल्या घरापर्यंत न्यायचं असेल, तर तांब्याची तार टाकूच नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विजा पडतात. जवळ वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या तारेतून वाहतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. त्याऐवजी गावातला केबलवाला घरोघरी टाकतो तीच चपटी फायबर ड्रॉप केबल घ्या आणि दोन टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची नेटवर्क तार जोडणारा डबा) लावा. एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात, दोन्ही ए घेतले तर दिवा लागणार नाही. १०/१०० चा स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नका. केबलमध्ये लटकवण्यासाठी पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच कापा, घरात आणू नका, नाहीतर विजेला वाट तशीच राहते.

लाईन आल्यानंतर

लोडशेडिंगनंतर सगळी युनिट एकाच क्षणी उठतात. मुख्य युनिट अजून तयार नसताना मागचं युनिट मधल्याला किंवा २.४ ला धरून बसतं आणि पुढे तसंच राहतं. लाईन आल्यावर मंद, रीस्टार्ट केल्यावर ठीक, असं वारंवार होत असेल तर कारण हेच. आधी ओएनटी, मग मुख्य युनिट, दोन-तीन मिनिटांनी बाकीची, अशा क्रमाने चालू करा आणि अॅपमध्ये कोण कोणाला जोडलं आहे ते पाहा.

प्रत्येक युनिटला मिनी यूपीएस लावला की हा प्रश्न उरत नाही. घेण्याआधी अॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. अँपिअर यूपीएसचे जास्त चालतील, कमी नकोत. कमी पडले तर युनिट रिकामं असताना नीट चालतं आणि मोठी फाईल सुरू झाली की भार वाढून रीस्टार्ट होतं. कॉपी दर वेळी मधेच तुटत असेल तर यूपीएस काढून मूळ अॅडॉप्टरवर एकदा चाचणी घ्या.

हजारो बारीक फाईलींचं फोल्डर, उदाहरणार्थ स्कॅन केलेले दाखले किंवा अल्बमचे थंबनेल, चांगल्या नेटवर्कवरही हळूच जातं, कारण प्रत्येक फाईलमागे दोन्ही मशीनचं उघडणं-बंद करणं असतं. आधी झिप करून एकच फाईल पाठवा. आणि अँड्रॉइड मोबाईलमधला व्हिडिओ त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर घ्यायचा असेल तर मेशला मधे घालूच नका. विंडोजवर गूगलचा क्विक शेअर प्रोग्राम टाका, दोन्ही यंत्रं थेट एकमेकांशी जोडली जातात आणि एका उडीत काम होतं.